माणसाला माणूस

वासंतीबाईंना अन्याय सहन होत नसे, आणि यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. हा त्यांचा आजारच होता. लोणावळ्याच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवताना त्या अर्ध्या मार्कावरून मुलांशी भांडल्या, पालकांशी भांडल्या, एकदा तर मुख्याध्यापकांशीही भांडल्या. सोसायटीच्या वर्धापनदिनाचा केक कापायचा असला की त्यांच्या हातात सुरीच्या आधी पट्टी असायची. भाजीवाल्याने शेजारणीला कोथिंबिरीची जुडी जरा भरगच्च दिली, तर या आपली जुडी शेजारी धरून बघायच्या आणि शेजारणीचीच जास्त निघाली तर भाजीवाल्याला सुनावायच्या. स्वतःची जास्त निघाली तर चार काड्या परत ठेवायच्या, हेही सांगायला हवं. न्याय म्हणजे न्याय.

त्यांचे यजमान केशवराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. बेगडेवाडी स्टेशनापासून पाच मिनिटांवर दोघांचा फ्लॅट. केशवरावांचा स्वभाव बायकोच्या अगदी उलट, सगळं सैल सोडलेला. त्यांच्या आयुष्याचा कारभार एका शब्दावर चालायचा: "बघू." घर रंगवायचं? बघू. गुडघ्याचा एक्स-रे? बघू. मुलगा श्रीयश लोणावळ्यात हॉटेलात नोकरीला लागला, तेव्हा त्याने "बाबा, खूश ना?" असं विचारलं, तर तिथेही तोंडातून बघूच निघालं.

बारा वर्षांपूर्वी शाळेत अवयवदानाचा कार्यक्रम झाला होता. वासंतीबाईंनी तिथून दोन फॉर्म आणले. आपला त्याच संध्याकाळी भरला, साक्षीदारांच्या सह्यांसकट. केशवराव म्हणाले, "बघू," आणि आपल्या फॉर्मची नीट आठ पदरी घडी करून ती जेवणाच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. घडी अशी काही नेमकी बसली की टेबल त्या दिवसापासून एकदाही हललं नाही.

आणि मग, साठी उलटल्यावर, केशवरावांच्याच दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं.

डॉक्टरांनी डायलिसिस लावलं आणि यादीत नाव घालायला सांगितलं. मेंदू मृत झालेल्या कुणाच्या घरच्यांनी होकार दिला की या यादीतल्या क्रमाने किडनी मिळायची. यादी लांबलचक होती आणि होकार देणारी घरं थोडी. वासंतीबाईंनी घरी येऊन पर्स आपटली.

"धोरण ठरवणं माझ्या हातात असतं ना, तर तुमचं नाव सगळ्यात शेवटी घातलं असतं मी. ज्याने द्यायला नाही म्हटलं त्याने घ्यायला रांगेत उभं तरी का राहावं?"

"मी नाही कुठे म्हटलं?" केशवराव म्हणाले. "बघू म्हटलं होतं."

वासंतीबाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, मिक्सरच्या रिकाम्या भांड्याला झाकण लावून बटण दाबलं आणि त्या आवाजात त्यांनी पोटभर रडून घेतलं. केशवरावांना वाटलं, चटणी चाललीय.

स्वतःची किडनी द्यायला त्या पहिल्या दिवसापासून तयार होत्या. पण त्यांचा रक्तगट 'बी' आणि केशवरावांचा 'ए'. तेहतीस वर्षांच्या संसारात हेही जुळायचं राहिलं होतं. श्रीयशला तिशीतच शुगर निघाली होती, त्यामुळे तो बाद. राहिलं डायलिसिस: आठवड्यातून तीनदा तळेगाव, एका खेपेला चार तास, आणि दिवसाला मोजून एक लिटर पाणी. मावळात पावसाळाभर छत्री मिटायची सोय नसते आणि हा माणूस खिडकीत बसून त्या धो धो पाण्याकडे बघत जीभ ओठांवरून फिरवायचा. वासंतीबाईंना ते बघवत नसे.

तळेगावच्या त्या सेंटरबाहेर सिमेंटचा एक बाक होता. आत पेशंट, बाहेर बायका. एका शुक्रवारी तिथे नऊवारीतली एक काटक बाई शेजारी येऊन बसली आणि ना नाव ना गाव, थेट म्हणाली, "बाई, तुमच्या मालकांच्या रगताचा गट कोंचा?"

"ए. का हो मावशी?" वासंतीबाई म्हणाल्या. ही मावशी आपल्याहून चार वर्षांनी लहान आहे हे त्यांना पुढे कागदपत्रांवरून कळलं, पण तोवर तोंडात तेच बसलं होतं.

"आन तुमचा?"

"बी."

त्या बाईने वासंतीबाईंचं मनगट असं पकडलं, जसा काही बाजारात हरवलेला नातेवाईक सापडला. "आरते!" तिने हाक मारली. "ये हिकडं! घावलं!"

तिचं नाव बाया. कामशेतहून पवनेच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. मुलगा गोविंदा, वय चौतीस, पोल्ट्रीवर कामाला होता. आता केशवरावांच्या पलीकडच्या खाटेवर मशीनला लावलेला असायचा. त्याचा रक्तगट 'बी'. बायको आरती, अठ्ठावीस वर्षांची, किडनी द्यायला तयार. पण तिचा 'ए'. बायाला स्वतःला बीपी, त्यामुळे तिची कुणी घेईना. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं होतं की असं दुसरं जोडपं मिळालं तर अदलाबदल करता येते: यांच्या बायकोची त्यांना, त्यांच्या बायकोची यांना. तेव्हापासून बाया त्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला रक्तगट विचारत होती. लग्नाची मुलगी दाखवणाऱ्या माणसाला जमणार नाही इतक्या चिकाटीने तिने हे स्थळ शोधलं होतं.

"डाक्टर म्हनला, लय अवगड असतंय समजाया," बाया म्हणाली. "म्या म्हनलं, अवगड काय त्यात? सावडच की. तुमी आमच्याकडं येयाचं, आमी तुमच्याकडं."

सावड म्हणजे काय, हे वासंतीबाईंना तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पण गट जुळत होते, चौघांच्या तपासण्या एकेक करत पार पडत होत्या, आणि पुण्याच्या हॉस्पिटलातल्या समन्वयक आसावरी मॅडम फाईल तयार करायला लागल्या होत्या. आता फक्त समितीची परवानगी हवी होती. किडनीची खरेदी-विक्री होऊ नये म्हणून ही समिती चौघांना समोर बसवून, कॅमेऱ्यापुढे प्रश्न विचारणार आणि मग हो किंवा नाही म्हणणार. नाही म्हटलं की पुन्हा बाक, पुन्हा एक लिटर पाणी, आणि ती लांबलचक यादी.

सगळं सुरळीत चाललं होतं. नेमका तेव्हाच वासंतीबाईंच्या आजाराने उचल खाल्ली.

त्यांचं वय सत्तावन्न. म्हणजे किडनीही सत्तावन्न वर्षांची. आरतीची अठ्ठावीस वर्षांची. म्हणजे आपण त्या तरण्या पोराला वापरलेली वस्तू देणार आणि आपल्या साठी उलटलेल्या नवऱ्यासाठी कोरी करकरीत घेणार. डॉक्टर म्हणाले, "तुमची किडनी उत्तम आहे." त्यांना पटलं नाही. केशवराव म्हणाले, "अगं, त्यांना चालतंय ना?" त्यांना तेही पटलं नाही. त्यांना चालतंय कारण त्यांना कुणी नीट सांगितलं नसेल. सांगायला हवं. आणि सांगितल्यावर त्यांनी नाही म्हटलं तर? तरीही एका मंगळवारी सकाळची लोकल धरून त्या कामशेतला उतरल्या, जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या आणि वाडीवर पोचल्या.

नेमकी बायाच्या खाचरात आवणी चालली होती. गुडघाभर चिखल, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, पंधरा-सोळा बायका-माणसं वाकून भाताची रोपं रोवताहेत, आणि वरून पाऊस. वासंतीबाई बांधावर छत्री धरून उभ्या राहिल्या आणि घसा खाकरून म्हणाल्या, "मावशी, मला एक महत्त्वाचं बोलायचंय."

"बांधावर उबं ऱ्हाऊन न्हाई बोलायचं," बाया मान वर न करता म्हणाली. "उतरा."

"अहो, पण मी—"

"उतरा बाई. जेवताना बोलू."

आणि वासंतीबाई उतरल्या. चप्पल पहिल्याच पावलाला गेली ती गेलीच. पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत खोचला, रोपांची जुडी हातात घेतली आणि वीत-वीत अंतर मोजून लावायला सुरुवात केली. त्यांची ओळ अशी सरळ आली की फुटपट्टी लावून घ्यावी. मात्र त्यांची एक होईस्तोवर आरतीच्या चार झाल्या होत्या. पलीकडे सत्तरीची येसूबाई होती; ती दोन रोपं लावायची, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि सगळ्यांच्या सासरच्या भानगडी सांगायची. गोविंदाचा धाकटा भाऊ किरण ट्रॅक्टरवरून उतरला, हसला आणि त्याने मोबाईलवर बाईंचा फोटो काढला. चिखलाने माखलेल्या, कपाळावर रोपाचं एक पान चिकटलेल्या बाई.

दुपारी झाडाखाली भाकरी सोडली तेव्हा वासंतीबाईंची कंबर त्यांची राहिली नव्हती. त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. सत्तावन्न आणि अठ्ठावीस. "हा सौदा बरोबरीचा नाही. तुम्हाला नको असेल तर स्पष्ट सांगा. आणि हवा असेल तर फरक मी भरून काढीन. आरतीच्या मुलीला दहावीपर्यंत गणित शिकवीन, दर रविवारी येईन इथे."

बायाने हातातली भाकरी खाली ठेवली. "म्हंजी तुमी मजुरी द्याय आलायसा?"

"मजुरी नाही हो, फरक—"

"बाई, ही येसूबाई सकाळधरनं किती लावली? माज्या नातीयेवढी बी न्हाई. उद्या हिच्या खाचरात माजा किरन जानार, रेड्यावानी राबनार. तरी फिटंफाट. का? सावडीत मानसाला मानूस धरत्यात. किती लावली ते न्हाई मोजत."

"मग हे न्याय्य कसं?"

"न्याय मोजाय बसलो तर आवनी कवा करायची?" बाया म्हणाली. "यकदा का मोजाय लागलं, का पैल्यांदा येसूबाई यायची बंद हुती. मंग लंगडा हाय त्यो. मंग पोटुशी हाय ती. मागं ऱ्हात्यात निस्ते दांडगे, आन ते तर यकमेकाचं त्वांड बगत न्हाईत."

येसूबाई म्हणाली, "मी लावली ती बी सरळ हाय."

वासंतीबाईंना एकदम टेबलाच्या पायाखालची घडी आठवली. त्यांनी जरा दबकत विचारलं, "आणि जो कधी कुणाच्या सावडीला गेलाच नाही? त्याच्यावर पाळी आली तर?"

बायाने भाकरीने पलीकडचं खाचर दाखवलं. "ते हौशीरामचं. धा वरीस कंपनीत व्हता. बोलावलं का म्हनायचा, येतो, येतो. कवा आला न्हाई. मंग कंबरंत मोडला, नोकरी गेली, रोपं उबी सुकाय लागली. आमी गेलो आन लावून दिली."

"का पण?" वासंतीबाईंचा आवाज चढला. "त्याने काय केलं होतं तुमच्यासाठी?"

"काय न्हाई. म्या शिव्या देत देत लावली," बाया म्हणाली. "तवाधरनं बांधावर पैल्यांदा त्योच उबा असतो. त्यो बगा, चा आनतोय."

खरोखरच एक वाकलेला माणूस किटली घेऊन येत होता. वासंतीबाईंनी चहा घेतला, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. निघताना बाया म्हणाली, "तुमी आज आलासा. आमी यक दीस लागतो तुमाला. येऊ." घरी काही काम नाही असं वासंतीबाईंनी परोपरीने सांगितलं. बाया म्हणाली, काम नसलेलं घर तिने अजून बघितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आसावरी मॅडमचा फोन आला. "बाई, तुम्ही त्यांच्या शेतात काय करत होतात?"

किरणने तो फोटो स्टेटसला टाकला होता. खाली लिहिलं होतं, "किडनीवाल्या बाई आमच्या आवणीला." आणि आसावरी मॅडमचा नंबर किरणकडे होता.

"कायद्यात कुठलाही मोबदला चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला हे दिसलंच नाही असं मी म्हणू शकत नाही."

"म्हणूही नका," वासंतीबाई ताठ होऊन म्हणाल्या. "फोटो फाईलला लावा. आणि माझं एक पत्रही लावा." त्या पत्रात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं की दोन किडन्यांमध्ये एकोणतीस वर्षांचा फरक आहे आणि तो दुसऱ्या बाजूला समजला आहे की नाही याची समितीने कृपया खात्री करावी.

पत्र पाठवून झाल्यावर केशवरावांनी त्याची प्रत वाचली आणि कपाळाला हात लावला. "वासंती, अगं, माझ्या जिवाचा प्रश्न आहे. एवढे मार्क तरी कापू नकोस."

ते हसत म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज कातरला, आणि वासंतीबाईंना प्रथमच वाटलं की आपण फार मोठी चूक केली. पण पत्र गेलं होतं.

समितीसमोर सगळे रांगेत बसले: केशवराव, वासंतीबाई, तोंडाला मास्क लावलेला गोविंदा, आरती. बायाला बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती दारातच थांबली. टेबलापलीकडे पाच जण. मधल्या अध्यक्षबाईंच्या चष्म्याकडे बघून वासंतीबाईंना कळलं की ही आपल्याच जातकुळीची, अर्धा मार्क सोडणारी नव्हे.

"चौघांपैकी तिघांचा जन्म एक जूनचा?" अध्यक्षबाईंनी आधार कार्डं पुन्हा पुन्हा बघितली. "हा काय प्रकार आहे?"

"शाळेत घालताना मास्तरांनी लावली, मॅडम," केशवराव म्हणाले.

"मला बी," गोविंदा म्हणाला.

"मला बी," आरती म्हणाली.

"मी माझ्या नोकरीत एकाही मुलाला एक जून लावला नाही," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी खाकरून सांगितलं की त्यांचीही एक जूनच आहे, आणि तो विषय तिथे मिटला.

मग फोटो निघाला. "या तुम्हीच ना? हे काम तुम्ही कशाच्या बदल्यात केलंत?"

"कशाच्याच नाही. म्हणजे, मी बोलायला गेले होते. त्यांनी खाली उतरायला सांगितलं."

"आणि तुम्ही उतरलात?"

"तुम्हीही उतरला असतात," वासंतीबाई म्हणाल्या.

"त्यो दीस आमच्यावर हाय अजून," दारातून बाया म्हणाली. "किडनीचा न्हाई त्यो, आवनीचा हाय. किडनीची सावड येगळी, आवनीची येगळी. येकात येक मिसळत न्हाई आमी. बाईच्या घरी जाऊन यक दीस काम करनार, फिटला."

"तुम्ही बाहेर बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. बाया एक पाऊल मागे गेली, तेवढंच.

अध्यक्षबाईंनी आता वासंतीबाईंचं पत्र उचललं. सबंध वाचलं. मग चष्म्यावरून आरतीकडे बघितलं. "हे ऐक. यांची किडनी सत्तावन्न वर्षांची आहे. तुझी अठ्ठावीस. तुझ्या नवऱ्याला जुनी मिळणार आणि यांच्या नवऱ्याला तरुण. हे तुला कुणी सांगितलंय का? आणि समजून घेऊनही तुझी तयारी आहे का? तुझ्यावर कसलंही बंधन नाही. नाही म्हणालीस तर कुणीही तुला काही बोलणार नाही."

आरती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. वासंतीबाईंनी केशवरावांचा हात घट्ट धरला आणि मनातल्या मनात त्या पत्राला, स्वतःला आणि जगातल्या सगळ्या फुटपट्ट्यांना शिव्या घातल्या. नाही म्हण, पोरी, तुझा हक्क आहे, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन नुसतं हात जोडून बसलं होतं.

"बाईंनी सांगितलंय सगळं," आरती अखेर म्हणाली. "म्या इचार करत व्हते, कसं सांगू तुमाला." ती गोविंदाकडे वळली, मग केशवरावांकडे. "ह्ये माज्या घरी येनार. त्ये त्यांच्या घरी जानार. पोरीला तिचा बाप, बाईंना त्यांचा मानूस. मानसाला मानूस मिळतोय, मॅडम. ह्यात कमी कुटं हाय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. कळवू," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी परवानगी आली.

ऑपरेशनं चारही एकाच सकाळी ठरली. यावर बायाचा आक्षेप होता. आसावरी मॅडमनी समजावलं की एकाने आधी दिली आणि दुसऱ्याने नंतर नाही म्हटलं तर काय, म्हणून सगळीकडे असंच करतात. बाया भयंकर दुखावली. "सावड घेऊन कुनी पळतंय व्हय? मंग वाडीत त्वांड कुटं दावायचं?" ती सबंध सकाळ श्रीयशशेजारी बसून हेच बडबडत होती.

चौघंही सुखरूप बाहेर आले. त्यानंतर आठवडाभर दोन खोल्यांमधून एकाच गोष्टीची चर्चा चालली. केशवरावांना दीड वर्षांनी धड लघवी झाली, आणि त्यांनी ती बातमी नर्सला, वॉर्डबॉयला, फोनवरून श्रीयशच्या सासऱ्यांना दिली. पलीकडच्या खोलीतून गोविंदाचा फोन यायचा: "आबा, आज किती?" केशवराव लिटर सांगायचे. आणि पहिल्याच दिवशी उघड झालं की वासंतीबाईंच्या किडनीने आरतीच्या किडनीला पाऊण लिटरने मागे टाकलंय.

"सत्तावन्न वर्षांची असून!" खाटेवर पडल्या पडल्या वासंतीबाई म्हणाल्या. टाके दुखत होते तरी त्यांना हसू आवरेना.

"मोजू नगा," बाया म्हणाली.

दिवाळी झाल्यावर बाया खरंच दिवस फेडायला आली. सोबत किरण. काम काहीच नाही असं सांगून झालं. तिने पदर खोचला, माळा रिकामा केला, पंखे पुसले आणि जेवणाचं टेबल ओढून त्याच्याखाली केर काढायला लागली. टेबल डुगडुगलं. कागदाची काळवंडलेली घडी तिच्या हाताला लागली.

"ह्यो कागूद कशाचा, आबा?"

केशवरावांनी घडी उलगडली. बारा वर्षांचा टेबलाचा पाय मधोमध गोल उमटला होता, पण अक्षरं दिसत होती. ते बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "वासंती, पेन दे."

"आता हे सगळं मोबाईलवर भरतात," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि तुमचं आता घेणार कोण?"

"डोळे तरी घेतील. मोबाईलवरही भरतो. आधी यावर करतो सही."

वासंतीबाईंनी पेन दिलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि मिक्सरच्या रिकाम्या भांड्याला झाकण लावलं. या वेळी केशवराव मागोमाग आले आणि दारातच उभे राहिले. चटणी होत नव्हती हे त्यांना आता दिसलं.

पुढच्या जुलैत वाडीवरून निरोप आला. डॉक्टरांनी दोघा पुरुषांना चिखलात पाय घालायची सक्त मनाई केली होती, म्हणून बांधावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. त्यांवर केशवराव आणि गोविंदा, दोघांच्या तोंडाला मास्क, डोक्यावर एकच मोठी छत्री, लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यांसारखे. केशवरावांच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती आणि ते उगाचच दर पाच मिनिटांनी घोट घेत होते. खाली खाचरात वासंतीबाई आणि आरती शेजारी शेजारी रोपं लावत होत्या.

बाया कंबरेवर हात ठेवून माणसं मोजायला लागली. हौशीराम, येसूबाई, किरण, आरती, बाई, असं करत खाचरातली पंधरा झाली. "आन बांधावरचे दोन. सतरा."

"अहो मावशी," वासंतीबाई ताठ झाल्या. "हे दोघं नुसते बसलेत!"

"आल्यात न्हवं?" बाया म्हणाली.

वासंतीबाईंनी तोंड उघडलं. अर्धा मार्क अगदी जिभेच्या टोकावर आला होता. मग त्यांनी बांधावर बघितलं, छत्रीखालच्या त्या दोन माणसांकडे, आणि तोंड मिटून पुन्हा वाकल्या.

"वासंती," वरून केशवराव ओरडले, "तुझी ती तिसरी ओळ वाकडी चाललीय हं!"

"बघू," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं रोप लावलं.